पेटंटची परीक्षा की खोतीची सनद?

मोबाइल फोनची गणना आज कोणी चैनीच्या वस्तूंत करीत नाही. बांधकाम मजुराला उद्याच्या कामाचा निरोप फोनवर येतो. बँकेतून स्वतःचेच पैसे काढताना फोनवर आलेला आकडा सांगावा लागतो. विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज फोनवरून भरला जातो. अशा या गरजेच्या वस्तूच्या किमतीत एक हिस्सा असा असतो की जो धातूचा नाही, कामगाराच्या मजुरीचा नाही आणि सरकारच्या कराचाही नाही. तो आहे पेटंटधारक कंपन्यांच्या स्वामित्वशुल्काचा. बिनतारी संदेशवहनाची जी पद्धत जगभर मानक म्हणून स्वीकारली गेली आहे, ती टाळून मोबाइल फोन बनविताच येत नाही. साहजिकच त्या मानकात ज्याचे पेटंट गुंतलेले आहे त्याला शुल्क दिल्यावाचून उत्पादकाची सुटका नाही. आणि उत्पादक हे शुल्क अखेर ग्राहकाकडूनच वसूल करतो.

हा वसुलीचा हक्क कोणाला द्यावा आणि कोणाला नाकारावा, याचा पहिला निर्णय संसदेत होत नाही, न्यायालयातही होत नाही. तो पेटंट कार्यालयातील परीक्षकाच्या मेजावर होतो. म्हणूनच पेटंट अर्जाची परीक्षा ही केवळ वकील आणि तंत्रज्ञ यांच्यापुरती बाब आहे, असे समजून श्रमिक जनतेने आणि तिच्या संघटनांनी तिच्याकडे पाठ फिरविणे घातक ठरेल.

बंगळूर हे देशातील इलेक्ट्रॉनिक व दूरसंचार उद्योगाचे प्रमुख केंद्र. परंतु पेटंट कार्यालये कोलकाता, दिल्ली, मुंबई आणि चेन्नई या चारच शहरांत आहेत आणि कर्नाटक चेन्नई कार्यालयाच्या कक्षेत येते. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. मग परीक्षक जुनी पेटंटे, नियतकालिके व तांत्रिक दस्तऐवज धुंडाळतो. त्याच्यापुढे मुख्यतः चार प्रश्न असतात. सांगितलेली गोष्ट खरोखर नवी आहे काय? त्या विषयातील जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी तर नव्हती? उद्योगात तिचा उपयोग होऊ शकतो काय? आणि कायद्याच्या तिसऱ्या कलमाने जे पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवले आहे, त्यात ती मोडते काय? आक्षेपांचा पहिला अहवाल निघाल्यावर उत्तरासाठी अर्जदाराला सहा महिने मिळतात. त्यानंतर नियंत्रक पेटंट देतो अथवा नाकारतो. एकदा ते दिले की अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे ती मक्तेदारी चालते.

बिनतारी संदेशवहनाच्या बाबतीत ही परीक्षा विशेष अवघड असते. येथील बहुसंख्य दावे एखाद्या नव्या यंत्राचे नसतात. आवाजाचे आकड्यांत रूपांतर कसे करावे, एकाच लहरीवर अनेकांना वेळ कसा वाटून द्यावा, वाटेत झालेली चूक कशी ओळखावी, अशा रीतींचे ते असतात. गणिती पद्धती, क्रियारीती आणि केवळ संगणकाची आज्ञावली यांना पेटंट देता येणार नाही, असे आपला कायदा सांगतो. म्हणून तीच रीत ‘अमुक करणारे उपकरण’ या वेषात अर्जात मांडली जाते. त्या वेषाखाली काय आहे हे परीक्षकाने ओळखायचे असते. शिवाय पूर्वी ज्ञात असलेल्या गोष्टी केवळ जुन्या पेटंटांत सापडत नाहीत. मानके ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय बैठकांत कंपन्यांनी मांडलेल्या हजारो टिपणांतही त्या दडलेल्या असतात. आणि आपले पेटंट मानकासाठी अपरिहार्य आहे, अशी घोषणा कंपनी स्वतःच करते. युरोपातील ज्या मानकसंस्थेकडे या घोषणा नोंदविल्या जातात, ती त्यांची शहानिशा करीत नाही.

परीक्षेत झालेली चूक किती महाग पडते, याचा धडा बिनतारी विद्येच्या जन्मकाळातच मिळालेला आहे. लहरींचे सूर जुळविण्याच्या युक्तीसाठी मार्कोनीने नोव्हेंबर १९०० मध्ये अमेरिकेत अर्ज केला. लॉज आणि टेस्ला यांचे काम त्याआधीचे असल्यामुळे तेथील पेटंट कार्यालयाने प्रारंभी तो नाकारला. परंतु जून १९०४ मध्ये त्याच अर्जावर पेटंट देण्यात आले. पुढे २१ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातील महत्त्वाचे दावे रद्द ठरविले. कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांनी ती गोष्ट अगोदरच सांगितलेली होती. तोवर पेटंटची मुदत केव्हाच संपली होती आणि मार्कोनीही हयात नव्हता. सत्य बाहेर आले, पण मक्तेदारीने आपला सर्व काळ उपभोगून झाल्यानंतर! त्याच १९०४ साली, मार्चमध्ये, जगदीशचंद्र बोस यांना विद्युत्‌लहरी टिपणाऱ्या स्फटिकाच्या साधनासाठी अमेरिकेत पेटंट मिळाले होते. बोस यांनी त्यातून धन मिळविण्याचा मार्ग पत्करला नाही. कल्पना कोणाची आणि कमाई कोणाची, हा प्रश्न बिनतारी विद्येइतकाच जुना आहे.

आता आपल्या देशातील अनुभव पाहावा. एरिक्सन या स्वीडिश कंपनीने मायक्रोमॅक्स, इंटेक्स, लावा अशा भारतीय फोन कंपन्यांना दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. लावा प्रकरणात २८ मार्च २०२४ रोजी एकसदस्य पीठाने सुमारे २४४ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. मात्र त्याच निकालात एरिक्सनच्या आठ पेटंटांपैकी एक अवैध ठरले. म्हणजे परीक्षेतून पार झालेले, वर्षानुवर्षे दहशत गाजविणारे एक पेटंट मुळात टिकण्याच्याच योग्यतेचे नव्हते. ही गोष्ट सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयीन झुंज द्यावी लागली. लहान उत्पादकाने अशी झुंज द्यायची ती कोणाच्या बळावर?

मायक्रोमॅक्सची तक्रार आणखी मूलभूत होती. पेटंट फोनच्या आत बसविलेल्या एका चिपशी निगडित. शुल्क मात्र संपूर्ण फोनच्या किमतीच्या टक्केवारीने! पडदा मोठा केला, कॅमेरा सुधारला, तरी वाढीव किमतीतला हिस्सा जुन्याच पेटंटधारकाच्या खिशात जाणार. पिकाच्या वाढीत ज्याचा घाम नाही तो खोत वाढीव पिकावर हक्क सांगत असे. कोकणातील शेतकऱ्यांनी दीर्घकाळ लढून ती खोती १९४९ च्या कायद्याने गाडली. तिचीच ही विसाव्या-एकविसाव्या शतकातील आवृत्ती आहे. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०१३ मध्ये या तक्रारीवरून चौकशीचा आदेश दिला. परंतु जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, पेटंटांच्या परवान्यांबाबत पेटंट कायदाच श्रेष्ठ आहे, असे सांगून ती चौकशी रद्द केली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले. दाद मागण्याचा एक दरवाजा असा बंद झाल्यानंतर, अयोग्य मक्तेदारी जन्मालाच येऊ न देणारी पेटंट कार्यालयाची परीक्षा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची झाली आहे.

आणि नेमकी हीच परीक्षा आज दुबळी ठेवण्यात आली आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार मार्च २०२२ अखेर भारताच्या पेटंट कार्यालयात परीक्षक व नियंत्रक मिळून अवघी ८६० माणसे होती. चीनमध्ये १३,७०४ आणि अमेरिकेत ८,१३२. अर्ज निकाली निघण्यास भारतात २०२० साली सरासरी ५८ महिने लागत होते. या स्थितीवर सरकारने काढलेला मार्ग कोणता? मार्च २०२४ मध्ये सरकारने अभिमानाने जाहीर केले, की एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली गेली, दर कामाच्या दिवशी अडीचशे! पेटंट कार्यालय हा जणू विटांचा कारखाना आहे आणि दिवसाअखेर किती विटा पडल्या एवढेच मोजायचे आहे. नाकारलेले प्रत्येक अयोग्य पेटंट ही जनतेची झालेली बचत असते. परंतु तिची मोजदाद कोणत्याही सरकारी पत्रकात आढळत नाही.

ज्या कायद्याखाली हे चालले आहे त्याचा इतिहास राज्यकर्त्यांना आठवत नसेल, तर तो त्यांना आठवून दिला पाहिजे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने दाखवून दिले, की भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या हाती आहेत आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक या देशात उत्पादनासाठी वापरलीच जात नाहीत. या निष्कर्षातूनच १९७० चा पेटंट कायदा घडला आणि १९७२ मध्ये तो अमलात आला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली त्याची धार बोथट करण्यात आली. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने तर उद्योगात उपयोगी पडणाऱ्या किंवा यंत्रासह वापरल्या जाणाऱ्या संगणक आज्ञावलीलाही पेटंटचे दार उघडले होते. संसदेत डाव्या पक्षांनी व अन्य लोकशाही शक्तींनी केलेल्या विरोधामुळे मार्च २००५ च्या कायद्यातून ती तरतूद वगळावी लागली. मात्र जे संसदेत साधले नाही ते मार्गदर्शक सूचनांच्या वाटेने पुढे सरकते आहे. फेब्रुवारी २०१६ च्या सूचनांत यंत्राचा भागही नवा असला पाहिजे, अशी कसोटी होती. जून २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली.

मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने आणखी दोन आघात केले. पेटंट देण्यापूर्वी कोणाही नागरिकाला विनाशुल्क विरोध नोंदविता येत असे. आता त्यासाठी शुल्क आहे आणि विरोध ऐकून घेण्याजोगा आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरविणार. पेटंट या देशात वापरले जाते की नाही, याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागत असे. ते आता तीन वर्षांतून एकदाच. ही माहिती म्हणजे सक्तीच्या परवान्याचा पाया. असा परवाना भारतात आजवर एकदाच दिला गेला आहे: मार्च २०१२ मध्ये, मुंबईहून, कर्करोगावरील एका औषधासाठी. बिनतारी क्षेत्रात तर एकदाही नाही.

बंगळूरचे उदाहरण येथे अत्यंत बोलके आहे. १९४८ मध्ये याच शहरात सार्वजनिक क्षेत्रातील इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने दिल्ली व बंगळूर येथे काम करून ग्रामीण टेलिफोन केंद्र तयार केले. त्यातील पहिले १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. ते तंत्रज्ञान कुलुपात न ठेवता अनेक भारतीय उत्पादकांना देण्यात आले, आणि खेडोपाडी टेलिफोनची घंटा वाजली. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान सार्वजनिक कसे राहू शकते, याचे ते उदाहरण होते.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला आपले केंद्र उघडले. त्यानंतर जगातील बहुतेक मोठ्या दूरसंचार व चिप कंपन्यांची संशोधन केंद्रे तेथे आली. या केंद्रांत बुद्धी राबते ती भारतीय अभियंत्यांची. पेटंटावर शोधकर्ता म्हणून त्यांचे नाव छापले जाते. हक्क मात्र नोकरीच्या कराराने आधीच कंपनीच्या नावावर लिहून घेतलेला असतो. पश्चिम जर्मनीत नोकरदार शोधकर्त्याला वाजवी मोबदला देण्याचा कायदा १९५७ मध्येच झाला. आपल्या पेटंट कायद्यात असे एक कलमही नाही. भारतीय कामगार-अभियंत्याच्या मेंदूचे फळ परदेशी कंपनीच्या तिजोरीत जमा होते, आणि तेच पुढे स्वामित्वशुल्काच्या रूपाने भारतीय ग्राहकाच्या खिशाला चाट लावण्यास परत येते. ‘स्वदेशी’चा गजर करणाऱ्यांनी या शोषणाचे उत्तर द्यावे.

परीक्षा कडक केली तर भारतीय संशोधकांचेच नुकसान होईल, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा आहे. बंगळूरच्या लहान उद्योगाला किंवा विद्यापीठातील संशोधकाला जाच होतो तो कडकपणाचा नव्हे, विलंबाचा. पुरेसे, प्रशिक्षित आणि कायम सेवेतील परीक्षक असतील, तर खऱ्या शोधाला लवकर न्याय मिळेल आणि जुन्याच गोष्टीला नवा मुलामा देणारा अर्ज लवकर परत जाईल. घाईने मारलेल्या शिक्क्याचा लाभ ज्यांच्याकडे हजारो अर्जांचे गठ्ठे आणि वकिलांच्या फौजा आहेत त्यांनाच होतो.

म्हणूनच पुढील मागण्यांसाठी कामगार संघटना, विज्ञानप्रसाराच्या चळवळी, अभियंते व विद्यार्थी यांनी एकत्र आले पाहिजे. पेटंट कार्यालयातील परीक्षकांची संख्या कायम नेमणुकांनी वाढवावी. त्यांच्या कामाचे माप दिलेल्या पेटंटांच्या आकड्यावर ठरवू नये. मानकांच्या बैठकांतील दस्तऐवजांचा शोध परीक्षेत सक्तीचा करावा आणि अपरिहार्यतेच्या घोषणेची स्वतंत्र सार्वजनिक तपासणी व्हावी. विरोध नोंदविण्यावरील शुल्क रद्द करावे. वापराचे निवेदन पुन्हा दरवर्षी घ्यावे. स्वामित्वशुल्क फोनच्या किमतीवर नव्हे, तर संबंधित भागाच्या मूल्यावर आकारण्याचा नियम करावा. नोकरदार शोधकर्त्याला कायद्याने मोबदला मिळावा. सी-डॉट आणि इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांना पुरेसा निधी द्यावा.

आकाशातील लहरी कोणत्याही कंपनीने निर्माण केलेल्या नाहीत आणि त्यांवर बोलणारी माणसे कोणाची कुळे नाहीत. नव्या शोधाला मान आणि मोबदला अवश्य मिळाला पाहिजे. परंतु जे नवे नाही त्यावर हक्काची सनद लिहून देण्याचा अधिकार जनतेने कोणत्याही सरकारला दिलेला नाही. परीक्षकाच्या मेजावरचा प्रत्येक अर्ज जनतेच्या वतीने तपासला जातो आहे, हे सरकारला मान्य करावयास लावणे, ही आजच्या घडीची निकड आहे.