एकट्यालाच कळणारी हुशारी

चांदूर बाजारचा मुलगा शिकून पुण्याला हिंजवडीत लागला की गावात त्याचं पॅकेज विचारतात. तो तिथं जो कोड लिहितो तो शेजारच्या खुर्चीवरच्याला वाचता येतो का, हे कोणी विचारत नाही. बाप नाही, कॉलेजातले सर नाहीत, आणि ज्यानं विचारायलाच हवं तो मॅनेजर तर नाहीच. माझा आरोप साधा आहे: दुसऱ्याला कळणार नाही असं लिहिण्याला आपण हुशारी म्हणतो, आणि त्या हुशारीला पगारवाढ देतो.

पायथन, जावास्क्रिप्ट, शेल या स्क्रिप्टिंग भाषा मोकळ्या स्वभावाच्या. व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगावा लागत नाही, कंपायलर दारात अडवत नाही. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिक्ट मोड नसेल आणि किंमत भरताना नावात एक अक्षर चुकलं, तर भाषा मुकाट्यानं त्या चुकीच्या नावाचं नवं ग्लोबल व्हेरिएबल करून देते. जिथं भाषा रागावत नाही तिथं माणसांनीच आपसांत नियम ठरवायचे असतात. आमच्याकडे मात्र भाषा गप्प आहे म्हणजे सगळं खपतं. मग फायली निघतात 'फायनल', 'फायनल२', 'फायनल_खरं'. आत व्हेरिएबलांची नावं 'एक्स', 'टेम्प', 'टेम्प१'. विचारलं तर पोरगं म्हणतं, "चालते ना भाऊ, मंग कायले हात लावता?"

कुठवर चालतं ते पाहा. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या 'स्टीम' या गेम विकणाऱ्या सॉफ्टवेअरच्या शेल स्क्रिप्टनं एका वापरकर्त्याच्या सगळ्या फायली पुसून टाकल्या, बॅकअपसाठी जोडलेल्या डिस्कवरच्यासुद्धा. दोष एका ओळीत होता. स्टीमच्या फोल्डरचा पत्ता व्हेरिएबलमधून घ्यायचा, पुढे तिरकी रेघ जोडायची आणि त्याखालचं सगळं 'आरएम -आरएफ' या पुसून टाकणाऱ्या कमांडनं उडवायचं. व्हेरिएबल रिकामं निघालं. उरली नुसती तिरकी रेघ, म्हणजे अख्ख्या फाइल सिस्टीमचं मूळ. रिकामं आहे का, एवढं तपासायला एक ओळ पुरली असती. आणि गंमत (गंमत कसली, लाज) अशी की त्या ओळीच्या डोक्यावरच कोडमध्ये शेरा होता: हे भीतीदायक आहे. भीती वाटली, ती लिहूनही ठेवली, आणि माल तसाच बाजारात पाठवला.

दुसऱ्याला कळेल असं लिहायची शिकवण खरं तर आमच्या भागात जुनीच आहे. चांदूर बाजारच्या शेजारी, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचं हे क्षेत्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथं लीळाचरित्र हा मराठी गद्यग्रंथ सिद्ध केला. पंथातले विद्वान केशोबास संस्कृतात लिहू पाहत होते तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. संस्कृतात लिहिलं तर आपल्या साध्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, हे त्यांचं कारण. सर्वांत कमी शिकलेला वाचक डोळ्यापुढे ठेवून लिहा: कोडिंग स्टँडर्डचा याहून चांगला नियम मला कुठल्याही कंपनीच्या पीडीएफमध्ये सापडलेला नाही. पण पुढच्याच शतकात त्याच पंथानं आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. पावित्र्य राखायचं होतं, परक्याच्या हाती पडू द्यायचं नव्हतं, कारणं असतील. परिणाम असा झाला की मराठीतलं आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसालाच शतकानुशतकं वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांपर्यंत किल्ली पोचली, तेव्हा कुठं कुलूप निघालं. महानुभावांना निदान धर्म राखायचा होता. आमचा सीनियर खुर्ची राखतो.

चांदूर बाजार तालुक्यातल्याच माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. त्यांनी 'नावंग' नावाची स्वतंत्र भाषा रचली, पण तिचं व्याकरणही दिलं. आमच्या डोळस इंजिनिअरला फंक्शनच्या वर दोन ओळींचं टिपण लिहायला सवड नाही.

ही खोड नोकरीत लागत नाही, कॉलेजातच लागते. प्रॅक्टिकलचं जर्नल सुबक, समास आखलेला, प्रोग्राम मागच्या वर्षीच्या मुलाचा उतरवलेला. सर तांबड्या पेनानं सही करतात. बहुजनांची पोरं शिकावीत म्हणून पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली. ज्ञान चार घरांत कोंडलेलं होतं, ते फोडायचं होतं. त्या शिक्षणावर वर आलेली आमची पिढी आता एसीत बसून नवं सोवळं पाळते: माझ्या स्क्रिप्टला हात लावायचा नाही, ती मलाच कळते. असा माणूस रजेवर गेला की टीम हवालदिल, आणि राजीनामा दिला की साहेब त्याच्या दारात. त्याचा हा भाव कोणी वाढवला? आपणच.

मग कोणी जागं होतं आणि साठ पानी नियमावली येते. तिच्यावर सगळ्यांच्या सह्या होतात आणि ती फोल्डरात समाधी घेते. किंवा ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस यावर दोन तट पडून आठवडा जातो. पायथनवाल्यांनी २००१ मध्येच 'पेप ८' लिहून हा वाद आपल्यापुरता मिटवला: चार स्पेस, ओळ ७९ अक्षरांची. तो वेद नव्हे, टीमनं हवं तर शंभर अक्षरं धरावीत. पण ठरवावं आणि राखणीला यंत्र बसवावं. पायथनसाठी 'ब्लॅक', जावास्क्रिप्टसाठी 'ईएसलिंट', शेलसाठी 'शेलचेक'. माणसांनी भांडावं ते यंत्राला कळत नाही त्यावर: हे नाव खरं बोलतं का, फाइल सापडली नाही तर पुढे काय, हे फंक्शन नव्या मुलीला कोणाला न विचारता बदलता येईल का.

अपवाद लागतातच. घ्या. पण त्या ओळीच्या वर कारण लिहा आणि आपलं नाव लिहा. आणि शेलचेकनं टीम लीडचंच कमिट अडवलं, तर ते अडूनच राहू द्या, मग रिलीज रात्री अकराला का असेना.