मोबदला आला, झोप गेली

परवा एक जुने पेशंट आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पूर्वी एस.टी.ने यायचे, बाकावर बसून शेजारच्याला शेंगा द्यायचे. आता ड्रायव्हर नंबर लावतो, हे गाडीत बसून राहतात. रक्तदाब १७०/१००. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी तेवढाच.

"झोप?" मी विचारले.

"रात्री दोनला डोळा उघडतो, तो उघडाच."

यांची जमीन समृद्धी महामार्गात गेली. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोबदला त्याच्या कितीतरी आधी खात्यात जमा झाला होता. पाठोपाठ बंगला आला, गाडी आली आणि रोज संध्याकाळची ढाब्यावरची बैठकही आली. दारूने झोप लवकर लागते खरी, पण मध्यरात्रीनंतर ती मोडते आणि रक्तदाबही चढतो. हे मी त्यांना सांगितले. पण दुखणे तेवढेच नव्हते.

जमीन आजोबांच्या वेळची. थोरल्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. धाकटीने विचारले, "दादा, माझा वाटा?" तेव्हापासून राखी बंद.

"पैसा पाहून बहीण फिरली," ते म्हणाले.

मला हे पटत नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. जमीन कोरडवाहू होती तोवर तिने काही मागितले नाही, हा तिचा चांगुलपणा. कोण फिरले, हे त्यांनीच पाहावे.

आता माझेही सांगतो. २००९ साली वडील गेल्यावर मीही बहिणीची सही घेतली. कचेरीतून बाहेर पडून तिला एक साडी घेतली आणि आपण मोठेपणा केला असे समजलो. तिने काही विचारले नाही. मीही विचारले नाही, अजूनही नाही.

पेशंटना गोळी वाढवून दिली. १७० वर नुसत्या उपदेशाने भागत नाही. मीठ दिवसाला एका चमच्याच्या आत, लोणचे-पापड बंद, बैठक बंद, आणि बरे वाटले तरी गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. जाताना म्हटले, "एकदा धाकटीकडे जाऊन या. कागद न घेता."

"बघतो," म्हणाले.

पंधरा दिवसांनी बोलावले आहे. त्याआधीच्या रविवारी मलाही बहिणीच्या गावी जायचे आहे.