चकाकतं ते सगळं कॅन्सर नसतं

मेडिकलचा विषय आपल्या मॅगझिनमध्ये काहून, असं विचाराल. पण पेट स्कॅनचं मशीन आपल्याच जातीचं आहे: सेन्सर, सिग्नल अन् नॉइज. आणि खर्रा होस्टेलमध्ये कोणाला नवा आहे?

तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट गोंदिया, गडचिरोली, बालाघाटहून नागपूरला येतात. तो पसरला की काय, हे बघायला काहींचा पेट स्कॅन होतो. आधी शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून त्या पडद्यावर चमकतात. लोचा हा की अशा खादाड त्या एकट्याच नाहीत! टीबीची गाठ चमकते, किडलेल्या दाताजवळची सूज चमकते, ऑपरेशनची ताजी जखमसुद्धा चमकते. 2021 मध्ये कोविडची लस घेतलेल्यांच्या काखेतल्या गाठी चमकायला लागल्या, तेव्हा लस कोणत्या हातावर घेतली हे डॉक्टरांना विचारावं लागलं.

भारतात हे मशीन 2002 साली मुंबईत आलं. त्यावरचा बराच अभ्यास मात्र अशा देशांत झाला जिथे टीबी फारच कमी. जगातल्या टीबी पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडे आहे. प्रोबॅबिलिटीत आपण बेझचं थिअरम घोकतो ना, तेच इथे लागू होतं. सेन्सर तोच, पण छातीतल्या चमकत्या गाठीचा अर्थ लंडनमध्ये एक अन् गोंदियात दुसरा असू शकतो.

आणि रिपोर्टमध्ये 'पसरला' एवढं आलं की ट्रीटमेंटच बदलते. बरं करणारं ऑपरेशन राहून जातं, नुसती त्रास कमी करायची औषधं सुरू होतात. बाप वावर विकायला काढतो. अन् ती गाठ टीबीची निघाली तर? सहसा सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होणारी!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ज्या डागामुळे ट्रीटमेंट बदलणार, त्यातला तुकडा सुईने काढून तपासल्याशिवाय स्टेज ठरवू नये. चांगले डॉक्टर हेच सांगतात. अडतात ते नातेवाईक. 'एवढे पैसे भरले, आता अजून सुई कशाला? सुईने वाढतो म्हणतात.' ही भीती त्या डागापेक्षा जास्त नुकसान करते. (उलटंही आहे: काही मिलिमीटरची गाठ मशीनला दिसतच नाही.)

घरच्यांच्या हातातही थोडं आहे. स्कॅनआधी चार-सहा तास उपाशी राहायचं, आदल्या दिवशी जिम, धावपळ बंद, कारण दमलेले स्नायूपण साखर ओढतात. डायबेटीसच्या मेटफॉर्मिनने आतडं चमकतं, तेव्हा गोळी चालू असल्याचं आधी सांगा, मनाने बंद करू नका. डिसेंबरच्या थंडीत कुडकुडत गेलं तर मानेतली चरबी चमकते, म्हणून शाल न्या. आणि फॉर्मवर जुना टीबी लिहा. मुलीचं लग्न जुळणार नाही म्हणून वीस वर्षं लपवलेला असला, तरी तिथे लिहा.