घर सोडा, दिलासा घ्या

18 फेब्रुवारी 2009 ला बराक ओबामांनी ॲरिझोनातल्या मेसा शहरात घरकर्ज थकलेल्यांसाठी योजना जाहीर केली. जागा अचूक होती. तिथे घरांचे भाव असे कोसळले होते की कित्येकांच्या घरापेक्षा त्यावरचं कर्जच मोठं झालं होतं. तीस ते चाळीस लाख कुटुंबांचा हप्ता उत्पन्नाच्या 31 टक्क्यांवर आणायचा, असा बेत. दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या वायदेबाजारातून एका टीव्ही पत्रकाराने थयथयाट केला: शेजाऱ्याचं कर्ज आम्ही का फेडायचं? गंमत म्हणजे शेजाऱ्याचं कर्ज फारसं कुणी फेडलंच नाही.

कर्जं केव्हाच रोखे करून गुंतवणूकदारांना विकलेली होती. हप्ते गोळा करायचं काम ‘सर्व्हिसर’कडे, म्हणजे बहुधा एखाद्या मोठ्या बँकेच्याच विभागाकडे. हप्ता कमी करून कर्जाची फेरआखणी केली की सरकार त्याला हजार डॉलर देणार. पण कर्ज थकलेलं राहिलं तर विलंबशुल्क आणि नाना प्रकारच्या फिया होत्याच. मग एका टेबलावर फेरआखणीचा अर्ज, दुसऱ्यावर जप्तीची फाईल, आणि दोन्ही पुढे सरकतायत. पगाराच्या पावत्या फॅक्स करायच्या, त्या हरवायच्या, पुन्हा करायच्या. कमी हप्त्याची तीन महिन्यांची चाचणी लांबत जायची आणि अखेर नकार आला की कमी भरलेल्या हप्त्यांची थकबाकी एकदम डोक्यावर. योजना संपेपर्यंत लक्ष्याच्या निम्म्याच्या आसपास मजल गेली.

बँकांना वाचवणाऱ्या सरकारी बेलआउटवर देखरेख ठेवणारे नील बरॉफस्की यांनी पुढे पुस्तकात लिहिलं, की अर्थमंत्री टिमथी गाइटनर यांच्या लेखी ही योजना म्हणजे बँकांसाठी धावपट्टीवर पसरलेला फेस होता. जप्त्या एकदम आदळू नयेत, पचतील अशा बेताने याव्यात. यात दुष्टावा असता तर निदान चिडता आलं असतं. हा निव्वळ हिशेब होता.

शॉर्ट सेलची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. घरावर तीन लाख डॉलरचं कर्ज, बाजारात घराला येतात जेमतेम दोन. बँकेच्या संमतीने तेवढ्यालाच विकायचं आणि उरलेल्यावर बँकेने पाणी सोडायचं. जप्तीपेक्षा हे बरंच, लिलाव तरी टळतो. माफ झालेली रक्कम उत्पन्न धरून तिच्यावर कर लावायची तिथली रीत. 2007 च्या कायद्याने राहत्या घरापुरती ती थांबवली, ही खरी सवलत म्हणायची. पण जप्तीच्या कागदांवर न वाचताच सह्या ठोकल्याचं प्रकरण अंगाशी आल्यावर पाच मोठ्या बँकांनी 2012 मध्ये केंद्र सरकार आणि 49 राज्यांशी 25 अब्ज डॉलरची तडजोड केली. त्यानंतर ‘ग्राहकांना दिलेला दिलासा’ म्हणून त्यांनी जे आकडे मांडले, त्यात सुरुवातीला सर्वांत मोठा वाटा शॉर्ट सेलचाच होता! माणूस घराबाहेर पडला, आणि एरवीही वसूल न होणारी रक्कम बँकेच्या वहीत दिलासा म्हणून जमा झाली.

2009-10 मध्ये जप्तीच्या फेऱ्यात सापडलेल्यांच्या भरपाईचे चेक एका वेगळ्या तडजोडीतून एप्रिल 2013 मध्ये निघाले. अनेकांना अवघे तीनशे डॉलर. पहिल्या खेपेतले काही तर वटलेच नाहीत. वाटपाचं काम घेतलेल्या कंपनीने चेकच्या खात्यात पुरेसे पैसे वळवलेच नव्हते.