पडद्यावरचे मास्तर

अच्युत पोतदार ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. बातमी वाचली आणि वाचकहो, मला आधी आठवला तो माझाच वर्ग!

२००९ च्या अखेरीस 'थ्री इडियट्स' आला, तेव्हा मी नुकताच प्राध्यापकीत शिरलो होतो. त्यातले पोतदारांचे प्राध्यापक यंत्राची व्याख्या विचारतात. साध्या शब्दांत सांगणाऱ्याला वर्गाबाहेर काढतात आणि पुस्तकातली घडाघडा म्हणणाऱ्याला शाबासकी देतात. मी पोट धरून हसलो.

पुढच्याच महिन्यात एका मुलीला विचारले, "करुणरस म्हणजे काय?"

"सर, दुसऱ्याचं दुःख वाचून आपला घसा दाटतो ना, तो."

"व्याख्या सांगा, गप्पा नकोत!" मी गरजलो. तोच मागच्या बाकावरून कोणीतरी पोतदारांचा तो प्रसिद्ध प्रश्न हुबेहूब त्यांच्या सुरात मला विचारला. वर्ग खदखदून हसला. ती मुलगी मात्र मुकाट्याने खाली बसली. वर्षभर तिने पुन्हा हात वर केला नाही.

आधी सैन्यात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी आणि चाळिशी उलटल्यावर तोंडाला रंग! या गृहस्थांनी शंभराहून अधिक चित्रपटांत भूमिका केल्या, बहुतेक लहानच. पण लहान कसल्या? दोन-चार मिनिटांत त्यांनी माझ्यातला मास्तर मला दाखवला.

आता मी व्याख्या विचारतो, ती "तुमच्या शब्दांत सांगा" असे म्हणूनच. त्या मुलीचे उत्तर बरोबर होते, हे मात्र तिला सांगायचे राहून गेले.