डोक्यातल्या घामाची मालकी कोणाची?

चाकण एमआयडीसीत कामाला असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, कायझेन म्हणजे काय. लाइनवर रोज अडणारं काम सोपं व्हावं म्हणून तो भंगारातल्या दोन पट्ट्यांचं फिक्श्चर बनवतो. सायकल टाइम कमी होतो. बोर्डावर त्याचा फोटो लागतो, प्रमाणपत्र मिळतं, फार तर स्टीलचा डबा. पोरगा कंत्राटी असेल तर काही महिन्यांनी त्याचा गेटपास बंद होतो. फिक्श्चर मात्र तिन्ही शिफ्टमध्ये चालूच राहतं.

आपण पगारवाढ, बोनस, कॅन्टीन यांवर भांडतो. या डोक्याच्या कामावर का भांडत नाही? शूद्राने हाताने राबावं आणि ज्ञानाची मालकी वरच्यांकडे राहावी, हीच तर वर्णव्यवस्था होती. ती आता अपॉइंटमेंट लेटरच्या एका कलमात येऊन बसली आहे: नोकरीत लावलेला प्रत्येक शोध कंपनीचा.

प्रत्येक सुधारणेला पेटंट मिळत नाही, हे खरं. पण मिळण्याजोगी असेल तर? पेटंट कायदा १९७० च्या कलम २८ नुसार खऱ्या संशोधकाला आपलं नाव पेटंटमध्ये नोंदवून घेता येतं. मात्र त्या नोंदीने पैशाचा हक्क मिळत नाही. कामगाराच्या शोधाला मोबदला द्या, असं सांगणारं कलम या कायद्यात नाही. जर्मनीत त्यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. चाकणला जर्मन गाड्या बनतात. तो कायदा तेवढा जर्मनीतच राहिला.

मालकांना या कायद्याची किंमत बरोबर कळते. आकुर्डीच्या बजाज ऑटोने एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेल्या इंजिनाच्या पेटंटवरून टीव्हीएसशी २००७ पासून लढाई केली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये तडजोडीने संपलं. एका जादा स्पार्क प्लगसाठी बारा वर्षं वकील उभे होते. आपल्या पोराच्या फिक्श्चरसाठी कोण उभं राहणार?

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, हा भांडवलदारांचा विषय, आपण ॲट्रॉसिटीच्या केसेस लढू. त्या लढायच्याच. पण पेटंट देण्याआधी त्याला विरोध करण्याचा अधिकार कलम २५(१) कुणालाही देतं. क्षयरोगातून वाचलेल्या दोन तरुणींनी, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले यांनी, तो वापरला. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या औषधावरची मक्तेदारी लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज फेटाळला. क्षय कोणत्या वस्त्यांत जास्त असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून पिंपरी-चिंचवडच्या इंजिनिअर आणि बीएस्सी झालेल्या मुलामुलींना सांगणं आहे: पेटंट एजंट होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. वय २१ पूर्ण, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट एजंटची परीक्षा, एवढं पुरतं. नुसता डिप्लोमा चालत नाही. कोर्टात उभं राहायचं तर तीन वर्षांचं एलएलबी करून सनद घ्या. मशीन ज्याने स्वतः चालवलं आहे, त्याला इंजिनाचं पेटंट वाचताना घाम फुटत नाही. ही आपली जमेची बाजू आहे.

पण नुसत्या पॅकेजसाठी जाणार असाल तर तोच कागद उद्या तुम्ही आपल्याच भावासमोर सहीला ठेवाल. बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि मजूर मंत्रीही. १९४६ मध्ये त्यांनी कारखाना कायद्यात आठवड्याचे ४८ तास आणले. घामाचे तास त्यांनी मोजून दिले. डोक्यातल्या घामाचा हिशेब मागणं आपल्याकडे आलं आहे. कामगाराच्या शोधाला मोबदला देणारा कायदा ही आपली मागणी हवी. तिचा मसुदा आपल्याच माणसांनी लिहावा.

जय भीम!