म्हैसूरची सहल आणि जंगलाकडेचं शेत

शेतकरी अभ्यास सहल म्हैसूरला निघाली की कार्यक्रम ठरलेला. राजवाडा, कृष्णराजसागर धरणाखालची वृंदावन बाग, रंगीत कारंजी आणि दुसऱ्या दिवशी ८० किलोमीटरवरचं बंडीपूर जंगल. बाग बघावी, ना नाही. पण त्याच बंडीपूरच्या कडेला हत्ती शेतात शिरू नयेत म्हणून चर खणलेत, सौर कुंपणं घातलीत, काही ठिकाणी रेल्वेचे जुने रूळ उभे केलेत. तरीही शेतकरी रात्री मचाणावर जागतोच! रानडुकरांनी मका लोळवला की पंचनाम्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या आपल्या मंडळींनी हे बघायला नको का? सरपंचांनी पुढच्या सहलीत कारंज्याचा तास कापून तिथल्या बांधावर बसावं, कुंपणाचा खर्च नि देखभाल विचारावी. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कारंजी बघून परतलो.